पाव जागा हवेची

४ मे २०२३, गुरुवार, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. वेळ नक्की आहे. मी रक्तदाबाची गोळी घेत होतो आणि गोळीची वेळ मी लिहून ठेवतो.

फोन भोयरांचा होता. फोनवर नमस्कार किंवा प्रकृतीची चौकशी करण्याची त्यांना सवय नव्हती.

"सर, आज आर्णीले या. एका पोरीच्या मायले समजवाचं हाय."

"काय समजवायचे?"

"गॅस का स्टोव्ह, थे. तुमी म्हटलं तं इज्जतीनं ऐकन. आन टोपी घालून येजा, ऊन लय हाय."

फोन बंद झाला. मी टोपी घेतली आणि यवतमाळहून आठची एसटी पकडली.

महादेव भोयर आमच्या महाविद्यालयात भूशास्त्र विभागाचे परिचर होते. मी त्या विभागाचा प्रमुख होतो. एवढ्याने आमचे नाते संपत नाही, पण सांगायला सुरुवात तेथूनच करावी लागते. दरवर्षी डिसेंबरात विद्यार्थ्यांना घेऊन दहा दिवसांचे क्षेत्रशिबिर निघे. खडक दाखवणे माझे काम. तंबू, पाणी आणि चूल ही भोयरांची. चूल म्हणजे पितळी पंपाचे तीन स्टोव्ह. त्यांपैकी दोन महाविद्यालयाचे होते. तिसरा भोयर घरून आणत. तो नेहमी घासलेला असे आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरखाली, आतल्या बाजूला, स्टोव्हची पिन टोचलेली असे. लग्नातही असे. इंधनाचा थेंब तळहातावर घेऊन तो उडायला किती वेळ लागतो ते पाहत आणि त्यात पाणी मिसळले आहे की नाही ते सांगत. स्टोव्हचा आवाज पाठमोरे बसून ऐकत. "डाव्या हाताचा खोकून राह्यला," म्हणत, आणि डाव्या हाताच्याच स्टोव्हचे छिद्र तुंबलेले निघे. बोलणे थोडे. मुलांना 'बापू' आणि मुलींना 'माय' म्हणत. मला सर म्हणत, पण माझे चुकले तर त्या 'सर'ची लांबी वाढे.

स्टोव्ह भरताना त्यांचा एक नियम होता. टाकी पाऊणच भरायची. "पाऊन तेल. पाव जागा हवेची. हवेले जागा नसली तं पंप कोनाले माराचा?" हे वाक्य मी तीसेक शिबिरांत ऐकले. नंतर विद्यार्थी एकमेकांना अभ्यासाच्या वेळापत्रकावरूनही ते ऐकवू लागले.

मुकुटबनच्या आमच्या पहिल्या मुक्कामाची गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्यात माझी चूक आहे, आणि ती इतकी वर्षे मी भोयरांखेरीज कोणाला सांगितलेली नाही.

भोयर तेव्हा नोकरीत नवे होते. चुनखडकाच्या खाणी पाहून आम्ही परतलो तेव्हा दिवस मावळत आला होता. रॉकेलचा डबा वाटेत गळून रिकामा झाला होता. अठरा विद्यार्थी भुकेले. भोयर तंबू ठोकत होते, म्हणून मीच गावात निघालो. पहिल्या दुकानात एक बाई बसल्या होत्या. मी विचारले, "घासलेट आहे का?"

"ग्यासनूने? उंदी," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "गॅस नको. घासलेट."

"अदे. ग्यासनूने," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मला वाटले, त्या माझी थट्टा करीत आहेत. मी पुढच्या दुकानात गेलो. तेथेही गॅस. तिसऱ्यातही गॅस. मी रिकाम्या हाताने परतलो आणि विद्यार्थ्यांसमोर उभा राहिलो. सीमेवरच्या त्या गावात निम्मे लोक घरी तेलुगू बोलतात आणि त्यांच्या बोलीत रॉकेललाच ग्यासनूने म्हणतात, उंदी म्हणजे आहे आणि अदे म्हणजे तेच, हे भोयरांना ठाऊक होते. मला नव्हते. मी काय ऐकले ते त्यांना हळू आवाजात सांगितले. ते हसले नाहीत. विद्यार्थ्यांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "दुकानं बंद झालती. सरायचा काही विलाज नव्हता." मग आपल्या पत्र्याच्या पेटीतून कपड्यांत गुंडाळलेली एक मोठी बाटली काढली, क्षणभर ती हातात धरली आणि स्टोव्ह भरले. खिचडी झाली. सगळे जेवले.

'घासलेट' या शब्दातही गॅसच लपला आहे, हे मला पुढे केव्हातरी सुचले. पेटीत कपड्यांबरोबर रॉकेल बाळगणारा माणूस मात्र मला त्या वेळी विचित्र वाटला नाही. मी भुकेला होतो.

पुढे मुली भूशास्त्राला येऊ लागल्या आणि शिबिरांनाही. भोयरांनी तेव्हा आणखी एक नियम घातला. रोज एका मुलीने स्टोव्ह पूर्ण खोलायचा, पुसायचा, जोडायचा आणि पेटवायचा. आधी काकडा, म्हणजे चिंधीची वात, भिजवून बर्नर तापवायचा, मग पंप. तोवर स्वयंपाक नाही. मुले म्हणत, "काका, आम्हाले काहून नाही?" भोयर म्हणत, "तुमच्यावर स्टोव्ह भडकल्याचं पेपरात कदी वाचलं का, बापू?"

आमच्या पिढीने ती बातमी शेकडो वेळा वाचली आहे. स्टोव्हचा भडका, विवाहिता मृत. दोन ओळी आणि पुढे बाजारभाव.

एकदा मी त्यांना म्हणालो की एवढी सक्ती नको, एक मुलगी रडली. भोयर पिनेने छिद्र साफ करीत होते. मान वर न करता म्हणाले, "माही बहीन स्टोव्हनं मेली म्हन्तेत, सर."

'मेली' नाही. 'मेली म्हन्तेत.' मला त्या शेवटच्या शब्दावर विचारायला हवे होते. मी विचारले नाही. खडकातली बारीक भेग मी चुकवत नसे. हा शब्द चुकवला.

गॅसशी त्यांचे वैर होते असे मात्र नाही. त्यांच्या घरी गॅस होता. पुढे एका प्राचार्यांनी शिबिरासाठी सिलिंडर घ्यावेत असे सुचवले, तेव्हा भोयरांनी त्यांना लेखी निवेदन दिले. ते मला पाठ आहे. "सिलिंडर संपल्यास यवतमाळला यावे लागते. पिन लागल्यास कॉलरला हात लावावा लागतो. सबब स्टोव्ह चालू ठेवावेत ही विनंती." प्राचार्य हसले आणि स्टोव्ह राहिले. मला भोयरांनी खरे कारण निराळे सांगितले होते. "गॅस बंद पडला तं काहून पडला थे सांगत नाही. स्टोव्ह सांगते. खोलला का सगळं सांगते."

आर्णीच्या बसस्थानकावर भोयर मोपेड घेऊन उभे होते. निवृत्तीला चार वर्षे झाली होती. केस पांढरे, अंगावर हाफ बाह्यांचा सदरा. कॉलर मी पाहिली. पिन होती.

वाटेत त्यांनी प्रकरण सांगितले. प्रणाली राऊत ही त्यांच्या शेवटच्या शिबिरातली विद्यार्थिनी. पुढे नागपूरला शिकली आणि आता हिमालयातल्या एका हिमनदीच्या अभ्यासाला जाणाऱ्या पथकात तिची निवड झाली होती. दोन महिने बर्फावर. पथकाच्या इंधनाची जबाबदारी तिच्याकडे. गॅसची नळकांडी न्यायची की द्रव इंधनाचा स्टोव्ह, हे तिने त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचे होते. दोन्हींचे नमुने घरी आले होते. पोरीचे मत स्टोव्हकडे होते. आई म्हणाली होती, स्टोव्ह असेल तर तू जाणार नाहीस.

"वडील?" मी विचारले.

"तूर घेऊन बाजारात गेले हायेत कालपासून. म्हन्ते, तिची माय म्हनन तसं."

राऊतांचे घर शेताच्या कडेला होते, पुढे मोठे अंगण आणि कडुनिंब. प्रणालीच्या आई सुनंदाबाईंनी पाणी दिले, खुर्ची दिली आणि विषयाला वाट दिली नाही. मी समुद्रसपाटीपासूनची उंची, वायूचा दाब आणि तापमान यांवर पंधरा मिनिटे बोललो. त्यांनी आदराने ऐकले.

"सर, तुमचं सगळं बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पन माह्या घरात स्टोव्हचं नाव काढू नका."

भोयर कडुनिंबाखाली उकिडवे बसले होते. "नाव तं काढा लागन, बाई. नाव काढलं नाही म्हनून तं इतकी वर्सं चाललं."

"काय चाललं, भाऊ?"

"सांगतो. आदी बरफ आनतो."

मोपेडवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आली. बर्फवाल्याने विचारले होते, "कोनाचं लगन हाय, भोयरकाका?" भोयरांनी त्याला सांगितले होते, "थंडी पाह्याले चाललो." लादी फोडून त्यांनी घमेल्यात भरली. मी म्हणालो, मीठ टाका, म्हणजे शून्याच्या खाली जाईल. माझे त्या दिवशीचे उपयोगी पडलेले वाक्य हे एकच. प्रणालीने गॅसचे नळकांडे त्या बर्फात गळ्यापर्यंत पुरले आणि वरची शेगडी पेटवली.

ज्योत निळी आणि चांगली होती. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असावेत. आम्ही चौघे मे महिन्याच्या उन्हात एका घमेल्याभोवती बसून थंडीची वाट पाहत होतो. दहाव्या मिनिटाला ज्योत खाली बसली. मग पिवळी झाली. विसाव्या मिनिटाला विझली. नळकांडे हलवून पाहिले तर आत गॅस भरपूर होता.

"पाह्यलं, आई?" प्रणाली म्हणाली. "भरलेलं हाय आन जळत नाही. तिथं तं रोजच अशी थंडी."

सुनंदाबाई त्या विझलेल्या शेगडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे तिथं गॅसई मरते. मंग तू जाऊनच काय करशीन? जाऊच नको."

प्रणालीच्या तोंडावरचे हसू गेले. प्रयोग यशस्वी झाला होता आणि पोरगी हरली होती. मी भोयरांकडे पाहिले. त्यांच्याकडे दुसरी लादी नव्हती.

"कोनाले भेता, बाई? थंडीले का स्टोव्हले?" भोयरांनी विचारले.

सुनंदाबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "माह्या माहेरी आमच्या आळीतली एक गेली. मी धाकली होतो. सगळे म्हने स्टोव्ह उडाला. तवापासून आवाज आला का अंगावर काटा येते, भाऊ. पोरीच्या हातात कसा देऊ थो?"

"तुमच्या हातात घेऊन पाहा आदी. तुमीच भरा, तुमीच पेटवा. आमी हात लावत नाही. तुमाले नाही पेटला तं पोरगी नाही जात. मी सोता तिले नाही म्हनीन."

"काका!" प्रणाली उठली.

"बस, माय."

सुनंदाबाईंनी पदर खोचला आणि त्या स्टोव्हसमोर बसल्या. नवा स्टोव्ह लहान होता. तीन पायांचा बर्नर, त्याला लांब नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पंप लावलेली धातूची बाटली. टाकी आगीपासून हातभर दूर. भोयरांनी सकाळीच तो उलटसुलट पाहून मत दिले होते, "हे शहानपन चाळीस वर्सं आदी सुचाले पाह्यजे होतं."

प्रणालीने पेट्रोलचा कॅन पुढे ठेवला. सुनंदाबाईंनी बाटली उघडली आणि भरू लागल्या. स्वयंपाकघरात त्या तेलाची बरणी भरत असतील तशाच, न सांडता, स्थिर हाताने, अगदी गळ्यापर्यंत.

"पुरे," भोयर म्हणाले.

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. सुनंदाबाईंनी कॅन खाली ठेवला. "काहून? पोरगी एवढ्या दूर चालली. कमी कायले भरू?"

भोयर बाटलीच्या तोंडाशी थरथरणाऱ्या पेट्रोलकडे पाहत होते.

"माह्या अक्काचा स्टोव्ह असाच भरलेला होता," ते म्हणाले. "गळ्यालोक."

ते पुढे बोलले, थांबत थांबत, आणि मी येथे थोडक्यात लिहितो. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण शांता. लग्नाला दोन वर्षे झाली होती. सासरहून निरोप आला की स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका झाला. तेराव्यानंतर आंदणातली भांडी परत आली, त्यांत स्टोव्हही होता. भोयर एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी तो खोलला. टाकी फुटलेली नव्हती. काकड्याच्या वाटीत राख नव्हती, म्हणजे बर्नर तापवलाच नव्हता. आणि टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती.

"अक्का कदी गळ्यालोक भरे नाही. पाऊन भरे. पाव जागा हवेची, हे मले तिनंच शिकवलं. एवढा भरलेला स्टोव्ह पेटतच नाही, बाई. पंपच मारता येत नाही. थो कोन्या स्टोव्ह न समजनाऱ्या मानसानं मागून भरून ठुला. दाखवाले."

"मंग तुमी सांगतलं नाही कोनाले?"

"सगळ्याईले सांगतलं. एकोनीस वर्साच्या पोराचं कोन ऐकते? म्हने, स्टोव्हच थो, भडकतेच." मग म्हणाले, "स्टोव्ह काहून भडकते, हे घरातल्या बाईले ठाऊक असन तं असं बोलाची कोनाची हिंमत नाही होत. म्हनून पोरीहीले खोलाले लावतो. दुसरं काही नाही."

सुनंदाबाईंनी बाटली उचलून डोळ्यांजवळ नेली. "हिच्यावर रेघ हाय, भाऊ."

होती. बाटलीच्या अंगावर, गळ्याच्या बरीच खाली, कोरलेली. भरायचे ते येथपर्यंत. भोयरांनी बाटली मागून घेतली आणि रेघेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग परत एकदा.

"कोन्या मुलकातला मानूस हाय कोन जाने," ते म्हणाले, "पन अक्कासारखा जानकार हाय."

सुनंदाबाईंनी रेघेच्या वरचे पेट्रोल एका स्टीलच्या मगात ओतून काढले. प्रणालीने तोंडी सांगितले तसा पंप लावला. वीस वेळा मारला, मोजून. बर्नरच्या वाटीत थोडे इंधन सोडले आणि काडी लावली. पिवळी ज्योत उठली तेव्हा त्या मागे सरकल्या, पण उठल्या नाहीत. ज्योत विझत आली. सुनंदाबाईंनी आपल्या मनाने चावी उघडली, आणि स्टोव्ह निळा होऊन घोंघावू लागला.

"बाटली बरफात ठेव वं," त्या पोरीला म्हणाल्या.

प्रणालीने बाटली घमेल्यात टेकवली. आम्ही दहा मिनिटे थांबलो, मग वीस. ज्योत जरा मंदावली. सुनंदाबाईंनी पंप आणखी पाच वेळा मारला आणि ती पुन्हा उभी राहिली.

"हे बरं हाय," त्या म्हणाल्या. "कमी झालं तं आपल्या हातानं वाढवता येते." मग पोरीकडे न बघता, "चहाचं आधन आन. आन तुह्या त्या सायबाले कळवून टाक. स्टोव्ह म्हना."

प्रणाली आत पळाली. आतून फोनवर बोलण्याचा तिचा आवाज ऐकू आला. चहा चांगला झाला. साखर जास्त होती.

ती गेली आणि दोन महिन्यांनी परतली. त्यानंतरही दोनदा गेली आहे. सध्या नव्या मुलांना स्टोव्ह शिकवण्याचे काम तिच्याकडे असते आणि मुलगे-मुली दोघांनाही ती खोलायला लावते, असे सुनंदाबाईंनी मला सांगितले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात भोयर गेले. झोपेत. मी त्यांना पाहिले ते त्या गुरुवारी, शेवटचे.

निघताना आम्ही दोघेच कडुनिंबाखाली होतो. माझ्या डोक्यात एक प्रश्न होता. त्यांच्या बहिणीबद्दल विचारायचे मी एकदा चुकवले होते.

"भोयर, शांताबाईंच्या टाकीतले तेल तुम्ही काय केले?"

"बाटलीत भरून ठुलं, सर. पुरावा म्हनून. जवळपास तीन वर्सं. कोनी मागन असं वाटे."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मुकुटबनात तुमी रिकाम्या हातानं आलते न, सर."

त्यांच्या हातात क्षणभर थांबलेली ती बाटली मला दिसली. माफी मागण्यासाठी मी शब्द जुळवू लागलो. भोयरांनी ते जुळू दिले नाहीत.

"अठरा पोरं जेवले, सर. पेटीत राह्यलं असतं तं कोन जेवलं असतं?" मग थोडे हसून, "तुमी गॅस नको म्हटलं, थे बरंच झालं."

ऊन उतरले होते. यवतमाळची गाडी साडेपाचला होती. भोयरांनी कॉलरखालची पिन काढून एकदा पाहिली आणि परत टोचली. सुनंदाबाईंनी ओतून काढलेले पेट्रोल मगात झाकून ठेवलेले होते. भोयरांनी तो मग उचलला, मोपेडच्या टाकीत काठीने खोली पाहिली, हवेपुरती जागा राहते याची खात्री केली, पेट्रोल ओतले आणि झाकण फिरवून घट्ट लावले.